मनुकांचा प्याला

बरणीचं झाकण फिरवलं आणि आतून 'सुस्स' असा आवाज आला.

झाकण हातात धरून मी तसाच उभा राहिलो. मे महिन्यातली शनिवारची दुपार होती. चार दिवस बंद असलेलं घर नुकतंच उघडलं होतं, खिडक्या अजून लावलेल्याच होत्या. बरणीतल्या रसावर फेस जमला होता आणि कडेनं बारीक बुडबुडे वर येत होते. मग वास आला. तो कशाचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. अठरा वर्षं झाली होती, तरी ओळखला.

रस दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनासाठी होता. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि लहान लहान प्याल्यांत काळ्या मनुकांचा रस. हा रस माझी बायको ताबीथा करायची. फेब्रुवारीत ती गेली. आठ दिवस ताप आला, आणि मग मी दवाखान्यातून एकटाच घरी आलो. मार्चचा रस शेजारच्या राहेलकाकूंनी केला, एप्रिलचाही त्यांनीच. एप्रिलच्या उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना म्हणालो, "साहेब, हे ताबीथाचं काम होतं. आता मी करतो."

पाळकसाहेबांनी आधी राहेलकाकूंकडे बघितलं. मग म्हणाले, "करा की. पण मनुकाच घ्या बरं का, याकोबराव. दुसरं काही नको."

"दुसरं काय असणार?" मी म्हणालो.

मला वाटलं, ह्यांना शंका आहे की गड्याच्या हातानं रस नीट होईल का. मी एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं फिटर होतो. इंजिन खोलून परत बसवणारा माणूस मनुकांचा रस करू शकत नाही का? मी मनाशी ठरवलं, असा रस करीन की लोक विचारतील.

आणि मी तो मंगळवारीच करून ठेवला. बुधवारी मला नगरला जायचं होतं. ताबीथाच्या कबरीचा दगड करायला टाकायचा होता, आणि मुलगी हन्ना म्हणत होती, आलात तर चार दिवस राहा. म्हटलं, आधी रस करून मोकळं व्हावं. ताबीथा मनुका कशा भिजवायची ते मी पाहिलं होतं. हातानं कशा कुस्करायची, फडक्यातून कशा गाळायची, तेही पाहिलं होतं. तसंच केलं. वरून चांगली वाटीभर साखर घातली, बरणी घट्ट लावली, ओट्यावर ठेवली आणि गाडी पकडली.

आता ती बरणी समोर होती.

मी कधीकाळी पीत होतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, इथंही सांगून टाकतो. लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. सहा वर्षं पीत होतो. डेपोतून निघालो की नाल्यापलीकडच्या भट्टीवर, आणि तिथून कधी घरी, कधी गटारीत. त्या सहा वर्षांत मी उपासनेला मागच्या बाकावर बसायचो आणि प्रभुभोजनाचं गीत सुरू झालं की उठून बाहेर जायचो. मग सुटलो. कसा सुटलो ते लांबडं आहे. एवढंच सांगतो की ताबीथानं मला सोडलं नाही आणि प्रभूनंही सोडलं नाही, आणि दोघांपैकी कोण जास्त हट्टी होतं हे मला आजही सांगता येणार नाही.

तर मी ओट्यावरचं फुलपात्र घेतलं आणि त्यात थोडा रस ओतला.

आंबलाय की नाही, हे बघायला नको का? असं मी स्वतःला म्हणालो. चव घेतल्याशिवाय कसं कळणार? कळलेलं तर होतंच. पण मन असं वकिलासारखं बोलायला लागलं की समजावं, आपण हरायला निघालोय. फुलपात्र तोंडाजवळ नेलं. तोंडाला पाणी सुटलं. हात मात्र अगदी स्थिर होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"याकोब! ए याकोब! आलास का रे?"

राहेलकाकूंचा आवाज. मी फुलपात्र माठाच्या मागं सरकवलं आणि बरणीवर झाकण ठेवलं. तोवर काकू आतसुद्धा आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, मिशन दवाखान्यात जन्मभर नर्स होती. कुणाच्याही घरात विचारून शिरायची त्यांना सवय नव्हती. हातात मेजावर घालायचा पांढरा कपडा, इस्त्री करून घडी घातलेला.

"सलाम, काकू."

"सलाम. खिडक्या तरी उघडायच्या! भट्टीत बसल्यासारखा काय बसलायस?"

त्यांनी सहजच म्हटलं, पण मी घाईनं खिडकीची कडी काढली.

"आत्ताच आलो," मी म्हणालो.

"दगड झाला का?"

"टाकलाय करायला. महिन्यानं देतो म्हणाला."

"हन्ना बरी आहे? आणि बारीक झालायस तू. लेकीनं जेवायला घातलं नाही वाटतं." त्यांनी ओट्याकडे बघितलं. "रस झाला?"

"झाला."

"चांगला झालाय?"

"झालाय."

काकू बरणीजवळ गेल्या. वाकल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या नुसत्या डोळे बारीक करून बघत होत्या.

"रंग तर छान आलाय," त्या म्हणाल्या. "वास काय मला येत नाही. तपकिरीनं नाक कधीच मेलंय. तुझा काका म्हणायचा, राहेल, घराला आग लागली तर तुला धूर डोळ्यांनीच बघावा लागेल." त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या आणि कपडा खुर्चीवर ठेवला. "सकाळी लवकर ये. प्याले भरायला मी आहे. आणि दाढी कर रे बाबा, मेजाजवळ उभं राहायचंय."

"हो."

त्या गेल्या. मी दार लावून घेतलं, आणि लावल्यावर लक्षात आलं की ह्या बाईशी मी आत्ता खोटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच नव्हे, पण अठरा वर्षांत पहिल्यांदा. पिणारा माणूस आधी पीत नाही. आधी खोटं बोलतो.

मी खुर्चीवर बसलो. माठामागचं फुलपात्र दिसत नव्हतं, पण ते तिथं आहे हे मला भिंतीपलीकडूनही कळलं असतं.

आणि मग तो दुसरा विचार आला. पहिल्यापेक्षा हा वाईट होता, कारण त्यानं चांगले कपडे घातले होते.

विचार असा: आत्ता पिऊच नकोस. फुलपात्रातलं परत बरणीत ओत. उद्या हाच रस चर्चमध्ये ने. प्याला एवढासा, अंगठ्याएवढा. सगळेच घेतील, तूही घे. पाळकसाहेब प्रार्थना करून देतील. प्रभूचाच प्याला तो. मग त्यात पाप कसलं? पुष्कळ मंडळ्यांत खरा द्राक्षारसच देतात की. काकूंना वास येत नाही. बाकीचे म्हणतील, या खेपेला रस जरा कडक झालाय. आणि बरणीत उरेल त्याचं काय करायचं, ते उपासनेनंतर बघू.

हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि मी उठून उभा राहिलो. कारण त्या सगळ्या भक्तीचा मुक्काम तिथं होता. बरणीत उरेल त्यात.

मी तिथंच गुडघे टेकले आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो, मनातल्या मनात. आमच्या घरात ती पोरांना बोलता यायला लागलं की येते. पण परीक्षेत आणू नकोस, या ओळीशी आलो की मध्येच तो वकील बोलायचा. परीक्षा कसली? चव तर बघायची. परत सुरुवातीपासून सुरू केली. परत तिथंच अडकलो. तीनदा झालं.

तेव्हा मला ताबीथाचं बोलणं आठवलं.

मी सोडली त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळ झाली की अंग थरथरायचं. मी कोपऱ्यात तोंड करून बसायचो, ओठ हलवत. ती एकदा कणीक मळत म्हणाली, "अहो, मनातल्या मनात कशाला करता? मोठ्यानं करा."

"देवाला ऐकू येतं," मी म्हणालो.

"देवाला येतं हो. पण सैतानपण तुमच्या मनातच बसलाय ना? तिथं तो मध्ये बोलतो. मोठ्यानं म्हणा, म्हणजे त्याला मध्ये बोलता यायचं नाही. आणि दार उघडून म्हणा."

"दार कशाला? गावाला तमाशा?"

"आजवर काय दार लावून पीत होतात? गावानं गटारीत बघितलंय, आता प्रार्थना करताना बघू दे." आणि कणकेच्या हातानं तिनं स्वतःच दार उघडलं होतं.

तो महिनाभर मी उंबऱ्यात उभा राहून मोठ्यानं प्रार्थना केली होती. पोरं हसायची. एक म्हातारा म्हणायचा, आलं बघा याकोबाचं रेडिओ स्टेशन. पण मी तरलो होतो.

ताबीथा आता नव्हती. दार मलाच उघडावं लागणार होतं.

मी उघडलं. बाहेर रणरणतं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. उंबऱ्यात उभा राहिलो आणि तोंड उघडलं, आणि लाज वाटून परत मिटलं. बावन्न वर्षांचा माणूस, लेकीचं लग्न झालेलं. पुन्हा एकदा प्रयत्न केला.

"प्रभू," मी म्हणालो. मग जरा मोठ्यानं, "प्रभू येशू, मला प्यायचं आहे. बायको गेली, घर खायला उठतं, आणि मला प्यायचं आहे. तुझ्याच मेजावरचं प्यायचं आहे, एवढा मी हलकट आहे. माझा हात धर. आत जाऊ देऊ नकोस मला एकट्याला. एकटा गेलो तर मी पिईन."

शेवटचं मी ओरडूनच बोललो असणार, कारण शेजारचं दार उघडलं.

राहेलकाकू उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात तपकिरीची डबी.

"काय रे? कुणाला हाका मारतोयस?"

"काकू," मी म्हणालो, "रस आंबलाय. तुम्हांला मी खोटं सांगितलं. आणि मला तो प्यायचाय."

मला वाटलं, त्या तोंडाला पदर लावतील. अरे देवा म्हणतील. काकूंनी डबी कमरेला खोचली आणि विचारलं, "प्यायलास का?"

"नाही. फुलपात्रात ओतलाय."

"कुठंय?"

"माठाच्या मागं."

"हं. लपवायला जागा बरी शोधलीस, पाण्यामागं." त्या माझ्यापुढून आत गेल्या. "चल. बरणी घे."

"तुम्हीच ओता, काकू. माझ्यानं नाही होणार."

"मी नाही ओतणार. आज मी ओतीन, उद्या कोण ओतेल? जन्मभर इंजेक्शनं दिली मी, पण दुसऱ्याचं औषध कधी स्वतः घेतलं नाही. तू ओत. मी इथं उभी आहे, हलत नाही."

मी फुलपात्र एका हातात आणि बरणी दुसऱ्या हातात घेतली. मागच्या अंगणात ताबीथानं लावलेलं लिंबाचं झाड आहे. तिथवर दहा पावलं असतील. काकू माझ्या मागं चालत होत्या, मोठ्यानं प्रभूची प्रार्थना म्हणत, आणि म्हणता म्हणता मध्येच, "पायरी बघ," असंही म्हणत. परीक्षेच्या ओळीशी त्या आल्या तेव्हा मीही बरोबर म्हणालो. तिथं मी उपडं केलं. आधी फुलपात्र, मग बरणी. जमिनीनं ते सगळं घटकेत पिऊन टाकलं. वास मात्र बराच वेळ राहिला, आणि तो जाईपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत.

"मला काय सांगतोस, मी साठाव्या वर्षापासून तपकीर सोडतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "अजून चालूच आहे. तेव्हा फार मान खाली घालू नकोस माझ्यासमोर. मनुका आहेत का शिल्लक?"

"अर्धा किलो आहेत."

"पुष्कळ झाल्या. पातेलं काढ."

मनुका धुतल्या, गरम पाण्यात घातल्या. चार वाजून गेले होते. भिजल्यावर मी त्या कुस्करल्या, गाळल्या आणि रस बरणीत ओतायला लागलो, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"अरे, हे काय?"

"का? झाला ना."

"उकळणार कोण? तुझा काका?"

"उकळायचा असतो?"

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "रविवारी पहाटे उठून उकळायची ती. नाहीतर मे महिन्यात दुसरं काय होणार? कधी बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं. भिजवणं, कुस्करणं, गाळणं हे शनिवारी संध्याकाळी व्हायचं, माझ्यासमोर. पहाटे मी झोपलेला असायचो. चोवीस वर्षं एका घरात राहून तिचं अर्धं काम मला माहीतच नव्हतं.

मी गॅस पेटवला. रस उकळायला लागला. काकू खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता ती नाही, तर सांगते. तिनं शपथ घातली नसली तरी सांगू नका म्हणाली होती."

"काय?"

"तुला काय वाटतं, आपल्या चर्चमध्ये मनुका पहिल्यापासून होत्या?"

"नव्हत्या? आमच्या गावच्या मंडळीत तर सरबतच असायचं. मला वाटलं, सगळीकडे तसंच."

"इथं खरा द्राक्षारस असायचा. बाटली यायची नगरहून. तुला कसं कळणार? तू तर गीत सुरू झालं की पळायचास." काकूंनी डबी काढली, परत ठेवली. "तू सोडलीस, त्याला सात-आठ महिने झाले होते. तुला मेजाजवळ यायचं होतं. तेव्हा ताबीथा मंडळीच्या सभेत उभी राहिली. त्या वेळी बायका सभेत बोलत नसत. ती म्हणाली, माझा नवरा मेजाजवळ यायला बघतोय. त्या प्याल्यातला एक घोट त्याला परत नाल्यापलीकडे नेईल. मग मेजाजवळ बोलावून आपण त्याला बुडवणार का? तुम्ही हो म्हणा, जन्मभर रस मी करीन."

मी डाव हातात धरून उभा होतो.

"भांडण झालं?"

"तर! दोन तास. शद्रकराव तर लाल झाले होते. म्हणाले, बापजाद्यांपासून द्राक्षारस आहे, एका माणसासाठी अख्ख्या मंडळीनं सरबत प्यायचं? ताबीथा म्हणाली, शंभरातलं एक मेंढरू हरवलं तर धनी कुठं जातो, काका? तेव्हा ते म्हणाले, बरं. पण मला ते गोड पाणी आवडणार नाही, हे लिहून ठेवा." काकू हसल्या. "ऊत येतोय बघ."

मी गॅस बारीक केला.

शद्रकराव म्हणजे आमच्या मंडळीतले सर्वांत जुने सभासद, पहिल्या बाकावर बसणारे. त्या मे महिन्यात ते नव्वदीला टेकले होते. प्याला घेतला की ते दर वेळी डोळे मिटून तोंड वाकडं करायचे. मला वाटायचं, केवढा पश्चात्ताप आहे या माणसाला. आपल्यालाही असा पश्चात्ताप व्हावा, असं मी कित्येकदा मनात म्हटलं होतं.

"म्हणून पाळकसाहेबांनी तुमच्याकडे बघितलं," मी म्हणालो.

"त्यांना मीच सांगून ठेवलं होतं. सगळ्या जुन्या लोकांना माहीत आहे. कुणी बोललं का कधी?"

कुणी बोललं नव्हतं. अठरा वर्षांत एक टोमणा नाही.

सकाळी मी दाढी केली. चर्चला जाऊन आधी पाळकसाहेबांना एका बाजूला घेतलं आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं, फुलपात्रासकट. म्हणालो, "आज मला दुसरं कुणी मेजाजवळ उभं करायचं असेल, तर करा."

त्यांनी विचारलं, "रस कुणी केलाय?"

"मीच. काकूंनी दाखवला."

"मग ट्रे तुम्हीच धरा," ते म्हणाले. "बाकीचं मी प्रार्थनेत घेतो. नाव न घेता."

भाकर वाटून झाली. मी प्याल्यांचा ट्रे घेऊन बाकांमधून निघालो. पहिल्याच बाकावर शद्रकराव. त्यांनी प्याला उचलला, ओठांना लावला, संपवला. आणि डोळे मिटून तोंड वाकडं केलं, काढा घेतल्यासारखं.

"आमेन," ते म्हणाले.

मला पुढं जायचं होतं, मागचे लोक वाट बघत होते. पण खाली वाकून मी हळूच विचारलं, "काका, गोड झालाय का फार?"

त्यांनी एक डोळा उघडला. रिकामा प्याला ट्रेमध्ये परत ठेवला.

"ताबीथाचा याहून गोड असायचा," ते म्हणाले. "तोही मी प्यालो. चल, पुढं जा."

मी पुढं गेलो.

याला आता अकरा वर्षं झाली. शद्रकराव गेले, राहेलकाकूही गेल्या, शेवटपर्यंत तपकीर ओढत. रस अजून मीच करतो. शनिवारी भिजवतो, कुस्करतो, गाळतो. रविवारी पहाटे उठून उकळतो. उकळताना मागचं दार उघडं ठेवतो आणि प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणतो. शेजारी आता नवीन लोक आले आहेत. पहिल्या महिन्यात त्यांनी विचारलं, काका, पहाटे कुणाशी बोलता?

मी त्यांना सांगितलं.